एकच्या आधीचं माप

१२ डिसेंबर १९९४, सोमवार. धुळे

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. आज जळगावच्या बैठकीत माझी इतिहासकार म्हणून नेमणूक झाली, आणि इतिहासाला साधनं लागतात हे परतताना एस.टी.त पारोळ्याच्या आसपास लक्षात आलं. माझ्याबद्दलची साधनं मी नाही जपली तर दुसरं कोण जपणार?

विद्यापीठाला पाचवं वर्ष चालू आहे. त्यानिमित्त स्मरणिका निघायची आहे आणि तिच्यात 'विद्यापीठाच्या क्रीडा-इतिहासातील उल्लेखनीय प्रशिक्षक' असं एक प्रकरण घालायचं ठरलं. ते काम प्रा. लीलाधर भंगाळे, शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे माझ्याकडे आलं. दुसरं कोणी तयार नव्हतं हे खरं. पण नाव सुचवायची वेळ आली तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते, हेही खरं.

उल्लेखनीय कोणाला म्हणायचं यावर तासभर खल झाला. मैदानावर कधीच न आलेला माणूस प्रशिक्षक ठरू शकतो का, असं एकानं विचारलं. त्यावर बरेच जण खाली बघू लागले. मग भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या आल्या आणि प्रश्न तसाच राहिला. पानं दोनच मिळणार म्हणून नावं नऊच घ्यायची, एवढं मात्र पक्कं झालं. समितीचे अध्यक्ष आमचेच प्राचार्य आहेत, त्यामुळे काळजी नाही.

घरी येऊन कमलला सांगितलं. ती म्हणाली, "पाच वर्षांच्या पोराचं चरित्र लिहायला निघालात की." बायकोला इतिहासाची दृष्टी नसते.

१५ डिसेंबर, गुरुवार

पहिलं नाव कोणाचं घ्यावं याचा प्रामाणिकपणे विचार केला. सात वर्षांत माझ्या मुलामुलींनी लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकूण एकोणीस पदकं आणली. जिल्ह्यात कोणाची एवढी नाहीत. स्वतःचं नाव स्वतः पहिलं लिहिणं बरं दिसत नाही, पण इतिहासाशी खोटं बोलणं त्याहून वाईट.

माझी पद्धत तीन गोष्टींची आहे. पहाटे भिजवलेले हरभरे, श्वासाचा तक्ता, आणि शर्यतीआधी पाच मिनिटं माझं भाषण. ही 'भंगाळे पद्धत' म्हणून स्वतंत्र चौकटीत द्यायची. तिचं वैशिष्ट्य असं की आमच्या मैदानावर मुलांची वेळ फार बेताची येते. बाहेरच्या मैदानावर गेली की तीच मुलं उधळतात. शेवंता चौरेचंच घ्या. पिंपळनेरकडची पोर, दुसऱ्या वर्षाला आहे, तीन हजार मीटर धावते. इथे अकरा मिनिटं वीस सेकंद, आणि गेल्या वर्षी बाहेर अकरा मिनिटं तीन सेकंद. दरवर्षी, दरेकाला, तीन हजार मीटरला सोळा-सतरा सेकंदांचा फरक पडतोच. हा माझ्या भाषणाचा परिणाम आहे.

एकच गोष्ट उलगडत नाही. शंभर मीटरला ही पद्धत चालत नाही. त्या पट्टीला बांधकाम खात्यानं रोवलेले दगड आहेत. तिथे मुलं घरी जेवढी धावतात तेवढीच बाहेर धावतात आणि पहिल्याच फेरीत घरी येतात. शंभर मीटरमध्ये भाषण मुरायला वेळ मिळत नसावा.

२१ डिसेंबर, बुधवार

नावं गोळा करतो आहे. प्रत्येक कॉलेजातून एकेक पत्र आलं आणि प्रत्येक पत्रात तिथल्या प्राचार्यांचं नाव आहे. अमळनेरहून आलेल्या पत्रात तर संस्थेच्या चेअरमनसाहेबांचं नाव आहे, आणि पुढे लिहिलंय, 'हे स्वतः रोज सकाळी फिरायला जातात.'

दुपारी घेवरचंद शेठनी दुकानातून चहाला बोलावलं. गेल्या वर्षी त्यांनी संघाला ट्रॅकसूट दिले होते. प्रशिक्षक म्हणजे नेमकं काय, खेळाडूच्या अंगाला लागतं ते देणारा तोच ना, असं ते हसत हसत म्हणाले. निघताना नव्या वर्षाची डायरी दिली. मी हसलो, पण डायरी घेतली.

२४ डिसेंबर, शनिवार

आज फार वाईट झालं.

जानेवारीअखेर आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा पहिल्यांदाच आमच्या मैदानावर व्हायच्या आहेत. म्हणून विद्यापीठाचा इंजिनिअर पोलादी टेप घेऊन धावपट्टी तपासायला आला. कोवळा पोरगा, मिशीही नीट फुटलेली नाही. मी लिंबाखाली खुर्चीवर बसून होतो, चहा सांगितला होता. त्यानं दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. मग येऊन म्हणाला, "सर, तुमची एक फेरी चारशे दहा मीटरची आहे."

चारशेची फेरी दहा मीटरनं जास्त! मी म्हटलं तुमची टेप बघा. त्यानं टेप दाखवली. शेवटी उखर्डूला हाक मारली.

उखर्डूबद्दल लिहायचं राहिलं. हा आमच्या मैदानाचा माणूस. अठरा वर्षं झाली, अजून रोजंदारीवरच आहे. पाऊस उघडला की दरवर्षी तो दहा मीटरची दोरी घेऊन फेरी मोजतो, खुंट्या ठोकतो, रेघांवर चुन्याची फक्की मारतो. मुलं त्याला आबा म्हणतात. मी त्याच्या कामात कधी लक्ष घातलं नाही, विश्वास असला की घालावं लागत नाही. त्याची दोरी मोजली तर बरोबर दहा मीटर भरली. किती वेळा टाकतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, चाळीस वेळा. मग दहा मीटर आले कुठून? इंजिनिअर हसला आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री जेवताना हे कमलला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोरी रोज जास्तच पळत होत्या म्हणा की." मी म्हटलं, मुद्दा तो नाही, मुद्दा अब्रूचा आहे. खेळातलं तिला काय कळणार.

२६ डिसेंबर, सोमवार

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मैदानाच्या आखणीस जबाबदार कोण? मी एका ओळीत उत्तर दिलं, 'आखणीचे काम श्री. उखर्डू पुना माळी यांच्याकडे असते.' यात एक अक्षरही खोटं नाही. तरी पाकीट चिकटवताना दोनदा उघडून पाहिलं.

३ जानेवारी १९९५, मंगळवार

इंजिनिअरनं स्वतः उभं राहून मैदान नव्यानं आखलं. उखर्डू फक्कीची पाटी घेऊन त्याच्यामागे फिरत होता. आता फेरी नेमकी चारशेची आहे.

आणि चमत्कार बघा! आज शेवंतानं घरच्या मैदानावर अकरा मिनिटं चार सेकंद दिले. बाकीच्यांचीही वेळ तशीच उतरली. हरभऱ्यांचं प्रमाण मी गेल्याच महिन्यात वाढवलं होतं. फेरी दहा मीटरनं आखूड झाली हे मला मान्य आहे, पण सोळा सेकंद म्हणजे फार झाले. गणित माझा विषय नाही, तरी अंदाज येतो. ही वेळ स्पर्धेआधीच मिळाली म्हटल्यावर मुलांना विनाकारण थकवण्यात अर्थ नाही. सकाळच्या दोन फेऱ्या कमी केल्या. मुलं खूश झाली.

शेवंता मात्र म्हणाली, "सर, हल्ली पळून झालं तरी पळावंसं वाटत राहतं." मी शाबासकी दिली.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. प्राचार्यांकडे तिळगूळ घ्यायला गेलो. गोड गोड बोला म्हणाले आणि लगेच सांगितलं की एकतीस जानेवारीनंतर उखर्डूला कामावर घ्यायचं नाही. स्पर्धेचं काम उरकलं की मोकळा करायचा. धुळ्यात मैदान मोजता येत नाही असं जळगावला लोक हसून बोलतात म्हणे. माझी हरकत आहे का, असंही विचारलं. तोंडात लाडू होता. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलली हे मला आता नक्की सांगता येत नाही, पण प्राचार्यांनी त्यांना हवी ती घेतली.

मैदानावर आलो तर उखर्डू चुलीवर मुलांचे हरभरे उकडत बसला होता. मी त्यांना भिजवलेले द्यायला सांगितलं होतं. विचारलं तेव्हा कळलं, सात वर्षं तो उकडूनच देतो, कारण भिजवलेल्यांनी पोरांच्या पोटात दुखायचं. त्याला बातमी आधीच कळली होती. घरी नातीचं लग्न ठरतंय, तेवढं उरकलं असतं तर बरं होतं, एवढंच म्हणाला. वर मलाच तिळगूळ दिला.

प्रकरण छापखान्यात पाठवलं. पहिलं नाव माझं, खाली पद्धतीची चौकट. हरभऱ्यांचा मुद्दा बदलायला वेळ नव्हता.

२९ जानेवारी, रविवार

स्पर्धा संपल्या. नीट लिहायचं बळ नाही, पण लिहायला हवं.

तीन हजार मीटरला शेवंता तिसरी आली. स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या माणसांसमोर. अकरा मिनिटं सहा सेकंद. पहिल्या दोघींची पुढच्या निवडीत वर्णी लागली, ही राखीव राहिली. मी पाच मिनिटं भाषण केलं होतं, सात मिनिटं केलं म्हटलं तरी चालेल. इतर मुलंही अशीच मागे पडली. लांबच्या शर्यतींत एकही सुवर्ण नाही. सात वर्षांत असं झालं नव्हतं.

शेवंता दोरीपलीकडे पाय सोडून बसली होती. रडत नव्हती. मी काहीतरी धीराचं बोललो. ती म्हणाली, "सर, माझा दम उरला होता. मला कळेपर्यंत त्या दोघी पुढे गेल्या आणि शर्यत संपली. आधी रोज शेवटच्या फेरीत दम संपायचा, तरी ओढावं लागायचं. म्हणून ओढायची सवय होती."

लिंबाखालची खुर्चीसुद्धा कोणीतरी पाहुण्यांसाठी नेली होती.

३० जानेवारी, सोमवार

आज ते दहा मीटर सापडले.

मंडपवाल्याच्या चाळीस सतरंज्या परत करायच्या होत्या. उखर्डू त्या मोजून बैलगाडीत टाकत होता आणि मी यादी घेऊन शेजारी उभा होतो. त्यानं पहिली सतरंजी टाकली आणि म्हणाला, लाभ. दुसरी टाकली आणि म्हणाला, एक. मग दोन, तीन, चार.

मी मापाडी पाहिलेले आहेत. धान्य मोजताना ते पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढे दोन म्हणतात. हा लाभनंतर पुन्हा एक म्हणत होता. चाळीसला थांबला तेव्हा गाडीत एकेचाळीस सतरंज्या होत्या. एकेचाळिसावी आमच्या कॉलेजची.

मी त्याला खाली बसवलं आणि विचारलं. तो म्हणाला, "मना बाप अमळनेरना बाजारमा मापाडी व्हता, सर. तो सांगे, पहिलं माप लाभनं. ते मोजामा धरानं नही. मोजनाराना हात कमी पडाले नको."

म्हणजे बापाच्या घरची रीत. दादर ज्वारी असो, बाजरी असो, समोरच्याला एक माप वर जायचं आणि कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून ते बाप आपल्या वाट्यातून द्यायचा. वजनकाटे आले, मापं गेली, लेक मैदानावर आला आणि दोरी टाकतानाही तेच करत राहिला. लाभ, एक, दोन, चाळीसपर्यंत. एकेचाळीस दोऱ्या. चारशे दहा मीटर.

त्याला मी विचारलं, इंजिनिअरला हे का सांगितलं नाही. तो म्हणाला, त्यांनी विचारलं किती वेळा, मी म्हटलं चाळीस. लाभ कुठे मोजतात.

संध्याकाळी सात वर्षांच्या वह्या काढून बसलो. कमलनं शेजारी बसून गुणाकार केले, कारण तिचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे. तीन हजार मीटरला साडेसात फेऱ्या, म्हणजे पंचाहत्तर मीटर जादा. त्या पंचाहत्तर मीटरना सोळा-सतरा सेकंद लागतात. प्रत्येक वर्षी, प्रत्येक मुलाला, नेमके तेवढेच. भाषणाला एक सेकंदही उरत नाही.

माझी मुलं सात वर्षं रोज लांबची शर्यत धावत होती आणि बाहेर जाऊन आखूड जिंकत होती. भंगाळे पद्धत म्हणजे उखर्डूची एक दोरी.

कमल वही मिटताना म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. तुमचं अंगण वाकडं होतं म्हणून नाचता आलं." मला राग यायला हवा होता. आला नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

आज उखर्डूचा शेवटचा दिवस होता.

सकाळपासून स्वतःला बरंच समजावलं. रोजंदारीचा माणूस आहे, कुठेही काम मिळेल. प्रकरण छापखान्यात गेलेलं आहे, खिळे जुळले असतील. शिवाय मी काही खोटं लिहिलं नव्हतं, एक ओळ लिहिली होती आणि ती खरी होती. तरी ती लिहिली नसती तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं. मला फार लाज वाटली. सत्तावन्न वर्षांचा माणूस फक्कीचा डबा धुऊन, पालथा घालून, दोरी गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवायला आला आणि म्हणाला, "ही कॉलेजनी शे." मी ती दोरी हातात घेतली. बरोबर दहा मीटरची, मध्ये दोन ठिकाणी गाठ मारलेली.

त्याला म्हटलं, थांब इथे. आणि त्याच्यासमोर प्राचार्यांना पत्र लिहिलं. मैदान मोजून घेणं ही विभागप्रमुख म्हणून माझी जबाबदारी होती, सात वर्षांत मी एकदाही मोजलं नाही, चूक माझी. आणि दुसरं, एकोणीस पदकं त्या जादा दहा मीटरनी आणली, माझ्या पद्धतीनं नाही. सोबत वह्यांतले आकडे जोडले. या माणसाला काढलं तर मलाही मैदानावरून काढावं, असंही शेवटी लिहिलं. ते वाक्य खोडावं की काय असं दोनदा वाटलं, पण शाई वाळली होती.

दुसरा कागद छापखान्याला. चौकट काढावी, तिच्या जागी श्री. उखर्डू पुना माळी यांच्यावरचा मजकूर घालावा. उखर्डू समोरच उभा होता, म्हणून त्याला सांगून टाकलं की पुस्तकात तुझं नाव घातलं आहे. त्याला अक्षरं येत नाहीत. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्राचार्यांनी बोलावलं. अर्धा तास बोलले. त्यातला निष्कर्ष असा की मोजमापाची चूक खेळाडूंच्या हिताची निघाल्यामुळे उखर्डूला तूर्त रोजंदारीवर ठेवायला हरकत नाही. हे ऐकून मी उठलो. तेव्हा ते म्हणाले, बसा, अजून आहे. ज्याला आपलं मैदान किती लांब आहे हे सात वर्षं ठाऊक नव्हतं, त्याचं नाव उल्लेखनीय प्रशिक्षकांत पहिलं घालायचं का, याचा समितीला फेरविचार करावा लागेल.

मी म्हटलं, करा. जिना उतरताना पाय हलके लागत होते.

२० फेब्रुवारी, सोमवार

मैदानाच्या कडेनं, चारशेच्या फेरीबाहेर, एक सरावाची फेरी आखायला परवानगी मागितली होती. मिळाली. उखर्डूला म्हटलं, तुझ्या हिशेबानं आख. मी शेजारून चाललो आणि मोजत गेलो. लाभ, एक, दोन. चाळीस म्हणेपर्यंत धाप लागली.

शेवंता त्या फेरीवर धावली. घरी परत अकरा मिनिटं वीस सेकंद. पोरगी हाश्शहुश्श करत बसली आणि हसली. निवड झालेल्या एकीचा पाय मुरगळला आहे, कदाचित राखीवचा नंबर लागेल. भाषण मी बंद केलं आहे. आग्रह झाला तर करतो.

५ मार्च, रविवार

स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, वर विद्यापीठाची इमारत.

'उल्लेखनीय प्रशिक्षक' दोन पानांवर आहे. नऊ नावं आहेत. पहिलं घेवरचंद शेठ, 'खेळाडूंच्या अंगाला ऊब देणारे मार्गदर्शक'. दुसरे आमचे प्राचार्य. चौथे अमळनेरचे चेअरमन, सकाळी फिरायला जाणारे. माझं नाव नाही. ते नसेल हे मी धरूनच चाललो होतो. संपादक म्हणून शेवटी बारीक अक्षरांत आहे, तेही 'लीलाधार' असं.

उखर्डूचंही नाव नाही. मजकूर सगळा काढला आहे. कोणी काढला हे विचारायला गेलो नाही.

दुपारी मैदानावर लिंबाखाली बसलो होतो. तो आला. पुस्तक आलं असं पोरांनी सांगितलं म्हणाला. बायकोनं विचारलंय, नातीच्या सासरच्यांनाही सांगायचंय, तर वाचून दाखवा. हात धुऊन आला होता. उकिडवा बसला.

मी पान उघडलं. घेवरचंद शेठच्या फोटोवर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. काय वाचलं ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे छापलेलं नाही.

'श्री. उखर्डू पुना माळी. यांनी अठरा वर्षं मैदान आखलं. समोरच्याला कमी पडू नये ही त्यांच्या घरची रीत. त्यांच्या मैदानावर जो धावला, तो जगात कुठेही गेला तरी त्याला वाट आखूडच वाटली. मुलांची पोटं दुखू नयेत म्हणून हे हरभरे उकडून देत, आणि त्याचं श्रेय दुसराच कोणी घेत असे. एकोणीस पदकं यांच्या दोरीची आहेत. यांनी कधी शिट्टी फुंकली नाही, भाषण केलं नाही, आणि यांना कोणी सर म्हटलं नाही.'

तो ऐकत होता. संपल्यावर पानाकडे वाकला. त्याला अक्षरं येत नाहीत, पण मापाड्याचा मुलगा आहे, आकडे येतात. हे मी विसरलो होतो. त्यानं एकवर बोट ठेवलं, मग दोनवर, मग खाली नऊपर्यंत गेला.

"यामा मना नंबर कितवा शे, सर?"

मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. मग म्हटलं, "तुम्हाला आकडा नाही, आबा. तुमचं एकच्या आधी आहे. लाभ मोजात धरत नाहीत ना?"

मग त्यानं विचारलं, "आनि तुमना?"

मी म्हटलं, मी मोजणारा, मोजणाऱ्याला नंबर नसतो.

आबा उठले. पुस्तक माझ्या हातात परत दिलं, घरी न्यायला मागितलं नाही. दोरी खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमना हात कमी पडना नही, सर."

त्यांना कळलं होतं की नाही हे मला कळलं नाही. ते फक्कीचा डबा घेऊन बाहेरच्या फेरीकडे गेले. पुसट झालेल्या रेघेपाशी शेवंता बूट बांधत बसली होती.